खिशात साखर ठेवून पळणं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या यादीखाली एक ओळ हमखास असते: ‘रोज व्यायाम करा.’ औषध किती, कधी, जेवणाआधी की जेवणानंतर, हे सगळं नीट लिहिलेलं असतं. व्यायामापुढे काहीच नसतं. कुठे करायचा, किती करायचा, अंगात इन्सुलिन असताना कसा करायचा, हे रुग्णानं आपलं आपण शोधायचं. असं शोधायला निघालेल्या रुग्णाला, त्यातून ती बाई असेल तर, घरापासून मैदानापर्यंत काय काय ऐकावं लागतं आणि काय काय लपवावं लागतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

मी कुठून बोलते ते आधी सांगते. मला टाइप वन मधुमेह आहे. निदान झालं तेव्हा मी नववीत होते, आता चाळिशीला आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यांतले बहुसंख्य टाइप टूचे. त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण ते पुरत नाही किंवा नीट वापरलं जात नाही. माझ्या शरीरात ते जवळजवळ बनतच नाही, कारण शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या आहेत. हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही आणि कारल्याच्या रसानं जात नाही. इन्सुलिन बंद झालं तर काही दिवसांत माणूस दगावतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी असा आजार झालेली मुलं थोड्या महिन्यांची, फार तर एखाद-दोन वर्षांची सोबती असत. मी त्या मानानं उशिरा जन्मले, हे माझं नशीब.

मी कोल्हापूरची. आमच्या शहराला शरीराचं कौतुक फार. गल्लोगल्ली तालमी, लाल माती, शाहू महाराजांनी उभं केलेलं खासबाग, फुटबॉलचे सामने आणि त्यावरून होणारी भांडणं. पण हे कौतुक निरोगी शरीराचं, आणि बहुतेक करून पुरुषाच्या. आजारी बाईनं शरीराकडून काही मागायचं म्हणजे काय, तर ते दुखू नये एवढंच. तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की रंकाळ्याची एक फेरी न थांबता पळून पूर्ण करायची. साधारण चार-साडेचार किलोमीटर. त्याला सात महिने लागले. मग पुढचं ध्येय ठरवलं: १० किलोमीटर, दीड तासात, मध्ये दोनदा थांबून शुगर तपासायची, आणि त्या रात्री झोपेत शुगर ७० च्या खाली जाऊ द्यायची नाही. पळणारे मित्र म्हणतात की शेवटची अट ध्येयात कशी बसते, ती तर तब्येतीची गोष्ट झाली. माझ्या लेखी ती बसते. नव्वद मिनिटांत १० किलोमीटर म्हटल्यावर हसणारेही आहेत. त्यांनी खुशाल हसावं, कारण त्यांना पळताना एकच घड्याळ बघावं लागतं.

हे दुसरं घड्याळ कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. निरोगी माणूस पळायला लागला की त्याच्या रक्तातलं इन्सुलिन आपोआप कमी होतं आणि यकृत साठवलेली साखर सोडतं. त्याला काही करावं लागत नाही. मी मात्र जे इन्सुलिन टोचून घेतलं आहे ते अंगात असतंच, ते मागे घेता येत नाही. वर पळताना स्नायू जास्त साखर ओढतात. मांडीत सुई घेतली असेल आणि लगेच पळायला निघालं तर इन्सुलिन आणखी वेगानं शोषलं जातं. म्हणून संथ, लांब पळण्यानं माझी शुगर खाली येते. याउलट जोरात, दम लागेपर्यंत थोडंसं पळालं तर अ‍ॅड्रेनलिनमुळे ती वर चढते आणि नंतर उतरते. हे सगळं पळताना संपत नाही. स्नायू रिकामा झालेला साठा रात्रभर भरत राहतात, त्यामुळे सकाळच्या पळण्याची किंमत कधी कधी रात्री दोन वाजता चुकवावी लागते. निघताना मी १२५ ते १८० च्या दरम्यान शुगर असेल तरच निघते. ९० च्या खाली असेल तर आधी खाते. २५० च्या वर असेल आणि लघवीत कीटोन दिसले तर त्या दिवशी बूट घालत नाही. वाटेत ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबणं आणि पुन्हा तपासणं. हे आकडे माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी ठरवलेले आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणी इन्सुलिन घेत असेल तर कृपया माझे आकडे उचलू नका, आपल्या डॉक्टरांकडून आपले लिहून घ्या. सांगायचा मुद्दा इतकाच की हे करता येतं. अवघड आहे, पण गूढ नाही. बोस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन शंभर वर्षांपूर्वी आहार, इन्सुलिन आणि व्यायाम यांना एकाच रथाचे तीन घोडे म्हणत. आपल्याकडे दोन घोडे जुंपतात आणि तिसऱ्याला तबेल्यात बांधून ठेवतात.

बांधून ठेवणारे दुष्ट नसतात. बहुधा ते आपल्यावर माया करणारे असतात. आमच्या घरात माझ्या आजारपणाचं एकच क्रियापद होतं: जप. अम्मी म्हणायची जप, अब्बा म्हणायचे जपून, शाळेत पीटीच्या तासाला मी झाडाखाली बसून सगळ्यांच्या चपला राखायचे. अम्मीची भीती खरी होती. तिनं मला बेशुद्ध झालेलं पाहिलं होतं. तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं की जपण्याच्या नावाखाली पोरीचं हृदय, हाडं, स्नायू आणि हिंमत हे सगळं हळूहळू बसून जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दीर्घ आजार असलेल्या प्रौढांचा वेगळा उल्लेख आहे. त्यांच्यासाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आजार हे बसून राहण्याचं कारण आता वैद्यकशास्त्राच्या लेखी उरलेलं नाही. मोहल्ल्याच्या लेखी आहे.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. हे लोक म्हणतात, हरव. आजाराला हरव, इन्सुलिनपासून मुक्त हो, अमक्यानं तीन महिन्यांत शुगर उलटवली. टाइप टूमध्ये वजन उतरवून, आहार बदलून काहींची औषधं सुटतात हे खरं आहे. टाइप वनमध्ये व्यायामानं इन्सुलिन सुटत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो तुमच्या लेकराच्या जिवाशी खेळतो आहे. मला या ‘हरव’वाल्यांचा ‘जप’वाल्यांपेक्षा जास्त राग येतो. जपणारा निदान रात्री उठून कपाळावर घाम आहे का बघतो.

दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघांनाही वाटतं की आजारी माणसाच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब आजाराशीच लागला पाहिजे. मी पळते म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘मग शुगर कमी झाली का?’ तर उत्तर ऐका: पळायला लागल्यापासून माझी तीन महिन्यांची सरासरी, जिला एचबीए१सी म्हणतात, ती फारशी हललेली नाही. टाइप वनमध्ये असं पुष्कळांचं होतं. मग पळतेस कशाला? जिना चढताना दम लागत नाही म्हणून, झोप लागते म्हणून. आणि खरं सांगायचं तर पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर धुकं असतं, शालिनी पॅलेसचा मनोरा त्यातून हळूहळू वर येतो आणि तेवढा वेळ मी कुणाची पेशंट नसते म्हणून. निरोगी माणूस सायकल घेतो, डोंगर चढतो, त्याला कुणी विचारत नाही की याचा तुझ्या यकृताला काय फायदा. त्याला हौस असू शकते. आम्हाला फक्त उपचार असतात.

रमजानचा विषय यात येणारच, म्हणून तोही बोलून टाकते. इन्सुलिनवर असल्यामुळे मी रोजे ठेवत नाही. आजारी माणसाला सवलत आहे, हे सूरह बकरामध्येच आहे आणि आमच्या घरात त्यावरून कधी वाद झाला नाही. मधुमेह आणि रमजान यांविषयी जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, तेही टाइप वनच्या बहुतेक रुग्णांना जास्त जोखमीच्या गटात धरतं. पण मी पळते हे कळल्यावर एक खाला भर दावतीत म्हणाल्या, ‘बेटा, रोजा झेपत नाही आणि पळणं झेपतं?’ टाळीचं वाक्य होतं, बायका हसल्या. मी खालांना एवढंच म्हटलं की पळताना माझ्या खिशात साखर असते आणि गरज पडली की ती तोंडात टाकायची मला मुभा असते. रोजात ती नसते. फरक ताकदीचा नाही, त्या चमचाभर साखरेचा आहे. खाला समजूतदार. पुढच्या वेळी त्यांनी मला खजुराचा डबा दिला, पळताना खा म्हणाल्या. खजुरानं शुगर ग्लुकोजइतकी झटकन चढत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. ते पळून आल्यावर खाते.

आता थोडं वसीम अक्रमबद्दल. मधुमेह असलेल्या प्रत्येक घराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो कधी ना कधी येऊन गेलेला असतो. १९९७ मध्ये, ऐन कारकिर्दीत, त्याला टाइप वन मधुमेह निघाला. त्यानंतरही तो खेळत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेणारा पहिला गोलंदाज झाला. इंग्लंडचा नावाडी स्टीव्ह रेडग्रेव्ह मधुमेहासकट २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पाचवं सुवर्ण घेऊन गेला. दोघांबद्दल मला आदर आहे. अक्रमचं तर चौदाव्या वर्षी दवाखान्यात कुणीतरी नाव सांगितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा आजार असलेली माणसं बाहेरही असतात, फक्त वॉर्डात नाही. पण हे फोटो पाठवणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. अक्रमच्या मागे संघाचा डॉक्टर होता, मैदानाबाहेर पाणी आणि साखर घेऊन उभा राहणारा माणूस होता. आपल्या घरातल्या मुलीच्या मागे कोण उभं आहे? प्रेरणा फुकट मिळते, तपासणीच्या पट्ट्या मिळत नाहीत.

पट्ट्यांचा हिशेब मांडते, कारण तो कुणी मांडत नाही. मी वापरते त्या ग्लुकोमीटरची एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते. एका पळण्याला चार पट्ट्या: निघताना, मध्ये दोनदा, परत आल्यावर. ऐंशी रुपये. आठवड्यातून तीनदा पळायचं तर महिन्याला हजाराच्या आसपास, आणि हे रोजच्या तपासण्यांच्या वर. दंडाला लावायचा सेन्सर दोन आठवडे टिकतो आणि हजारांत जातो. मी नोकरी करते, मला पट्ट्या परवडतात. माझ्या ओळखीत शिलाईकाम करणाऱ्या बाईचा मुलगा आहे, त्याला दिवसाला एक पट्टी मिळते, तीही कधी कधी चुकते. त्याला ‘खेळ बेटा’ म्हणणं म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांड म्हणण्यासारखं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोठी आहे, पण ती दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बेशुद्ध होऊन भरती झालं तर खर्च निघू शकतो, बेशुद्ध होऊ नये म्हणून लागणाऱ्या वीस रुपयांसाठी रांग कुठे लावायची ते कुणी सांगत नाही. नागरी चळवळींनी मागण्यांची यादी करताना ही मागणी तिच्यात घालावी: इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक मुलाला महिन्याला पुरतील इतक्या पट्ट्या सरकारी दवाखान्यातून मोफत. जात-धर्म विचारायची गरज नसलेली मागणी आहे.

आणि जागा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यासाठी नीट पदपथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकाल चांगला आहे, पदपथावर अजून मोटारसायकली आहेत. मी काही वर्षं नोकरीसाठी दुसऱ्या गावी होते. तिथे एकच बाग होती आणि तिच्या दारावर पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई. राखणदारानं माझ्या खिशातली ग्लुकोजची पुडी काढून ठेवायला सांगितली. त्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याला पाटी राखायचा पगार मिळत होता. सीबीएसईनं २०१७ मध्ये मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं असं काही सोबत ठेवायची परवानगी दिली. परीक्षेच्या खोलीत जे चालतं ते बागेत चालायला काय हरकत आहे? पाटीखाली एक ओळ वाढवायची, रंगाचा खर्च शंभर रुपये.

पण मला सगळ्यात जास्त सलते ती फॉर्मवरची चौकट. पळण्याच्या स्पर्धांच्या अर्जात एक चौकट असते, ‘आपल्याला पुढीलपैकी कोणता आजार आहे का?’ एका स्पर्धेच्या अर्जात मी खरं लिहिलं. डॉक्टरांचं पत्र जोडलं. आयोजकांचं उत्तर आलं की सुरक्षिततेच्या कारणास्तव आपली नोंदणी स्वीकारता येत नाही, शुल्क परत करण्यात येत आहे. नंतर कळलं की त्याच स्पर्धेत माझ्यासारखे आणखी काही जण पळाले. त्यांनी ती चौकट रिकामी सोडली होती. आता विचार करा, सुरक्षित कोण झालं? शुगर उतरली की माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, पाय वेडेवाकडे पडतात. बघणाऱ्याला वाटतं दारू प्यायला आहे, किंवा ऊन लागलं. ज्याच्या छातीवरच्या क्रमांकामागे ‘टाइप वन मधुमेह’ असं लिहिलेलं असतं, त्याला स्वयंसेवक शुद्धीत असेपर्यंत साखर देतो, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न कोंबता सरळ रुग्णवाहिका बोलावतो. ज्यानं लपवलं आहे त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. खरं बोलणाऱ्याला बाहेर काढायचं आणि लपवणाऱ्याला आत घ्यायचं, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

हे लपवणं पळण्याच्या अर्जापासून सुरू होत नाही. ते घरातून सुरू होतं, आणि मुलींच्या बाबतीत फार लवकर. ‘कुणाला सांगू नका, उद्या स्थळं यायची आहेत.’ मी असं घर पाहिलं आहे जिथे पाहुणे आले की मुलीचं इन्सुलिनचं पेन तांदळाच्या डब्यात जातं, आणि ती जेवणाआधीची सुई न घेता पाहुण्यांसोबत जेवते. मुलाकडचे मधुमेही असले तर ते चारचौघांत अभिमानानं सांगतात, ‘आपल्याला शुगर आहे, पण आपण सगळं खातो.’ मुलीला तेवढी सूट नाही. अशी मुलगी मैदानावर जाणार कशी? मैदानावर जायचं म्हणजे खिशात साखर, बोटाला सुई, मध्येच थांबून यंत्र काढणं, हे सगळं चारचौघांसमोर. जी घरातच लपलेली आहे ती बाहेर येऊन दंडावरचा सेन्सर दाखवत पळेल ही अपेक्षा फार आहे. म्हणून मला वाटतं की अशा मुलीच्या आईबापांना व्यायामाचं महत्त्व पटवण्याआधी एक सांगायला हवं: तिचा आजार चार माणसांना माहीत असू द्या. शिक्षिकेला, बाजूच्या बाकावरच्या मैत्रिणीला, रिक्षावाल्याला. यानं स्थळं कमी येतील, हो. जी कमी येतील ती येऊ नयेतच.

गेल्या जूनमध्ये एका आईचा फोन आला. मुलगी अकरा वर्षांची, दीड वर्षापूर्वी निदान. शाळेच्या खो-खोच्या संघात तिची निवड झाली आणि शाळेनंच तिला खाली बसवलं, जबाबदारी कोण घेणार म्हणून. आईचा प्रश्न होता, ‘ताई, ती पळू शकेल का?’ मी तिला माझ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मुलीचे आकडे तिच्यासाठी वेगळे ठरवून दिले, कारण खो-खो म्हणजे झटके देत पळणं, तिथे शुगर आधी चढते आणि खेळ संपल्यावर उतरते. मग आम्ही तिघींनी बसून एका पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: खेळाआधी किती हवी, किती असेल तर खेळायचं नाही, घाम आणि चिडचिड दिसली तर काय द्यायचं, शुद्ध गेली तर काय द्यायचं नाही, फोन कुणाला. ते पान घेऊन आई आणि मी शाळेत गेलो. पीटीच्या सरांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मला वाटलं आता मुख्याध्यापकांकडे बोट दाखवतील. सरांनी विचारलं, ‘ग्लुकोज माझ्या खिशात ठेवायचं की तिच्या?’

दोघांच्याही, मी म्हटलं. सरांनी पान घडी करून शिट्टीबरोबर खिशात ठेवलं.